शेळ्या मोजायला क्रीटला?

पत्र

ताई, मी मूळची राजापूर तालुक्यातली. सध्या नेदरलँड्समध्ये इकॉलॉजीत एम.एस्सी. करतेय, दुसरं वर्ष. थीसिससाठी ग्रीसच्या क्रीट बेटावर सहा आठवड्यांचं फील्डवर्क ठरलंय. विषय : शेळ्यामेंढ्यांच्या चराईचा तिथल्या झुडपी रानावर होणारा परिणाम. गाईडच्या सोयीने तारखा पडल्यात २० सप्टेंबर ते ऑक्टोबरअखेर. आधीच्या बॅचच्या एका मुलाने तिथले सप्टेंबरातले फोटो दाखवले आणि पोटात गोळाच आला. सगळं करपलेलं, नुसते काटे आणि दगड. मी मोजू काय? त्यात मला गाडी चालवता येत नाही, ग्रीकचा गंध नाही, मी शाकाहारी आहे. इथे आमच्या विभागात जुना डेटा तयार पडलाय, त्यावर थीसिस केला तर चार महिन्यांत मोकळी होईन. बाबा निवृत्त शिक्षक आहेत, थोडी काजूची बाग बघतात. ते फोनवर म्हणाले, "शेळ्या काय आपल्या वाडीत नाहीत? त्या मोजायला समुद्र ओलांडून जायचं?" मला हसू आलं, पण उत्तर सुचलं नाही. जाऊ की नको?

– र.

उत्तर

प्रिय र.,

जा. पण आत्ता जो प्रश्न घेऊन निघाली आहेस, तो इथेच ठेवून जा. तारखा बदलत नसतील तर प्रश्न बदलायचा. तुझी खरी अडचण तीच आहे. गाडी, भाषा आणि जेवण ही नंतरची गोष्ट.

आधी त्या फोटोंबद्दल. तो मुलगा सप्टेंबरात गेला आणि त्याला रान मेलेलं दिसलं. एखादा डच विद्यार्थी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात राजापूरच्या सड्यावर उभा राहिला तर त्याला काय दिसेल? काळा कातळ, वाळलेलं गवत, वर आग ओकणारा सूर्य. तो घरी जाऊन सांगेल की इथे काही उगवत नाही. तू त्याला हसशील, कारण तुला ठाऊक आहे की महिना-दीड महिन्यात त्याच कातळावर काय होणार आहे.

क्रीटमध्ये हे चक्र उलटं फिरतं. तिथे पाऊस हिवाळ्यात. ऑक्टोबरात सुरू होतो, मार्च-एप्रिलपर्यंत रेंगाळतो आणि मग उन्हाळाभर जवळजवळ थेंब नाही. म्हणजे त्यांचा सप्टेंबर हा आपला मे, आणि ऑक्टोबरातला पहिला पाऊस म्हणजे त्यांचं मृग नक्षत्र. तुझ्या गाईडने सोयीसाठी निवडलेल्या तारखा म्हणजे नेमका त्यांच्या वर्षाचा उंबरठा आहे. माझ्या मते हे तुझं नशीब, फक्त तू एप्रिलचा प्रश्न घेऊन ऑक्टोबरात चालली आहेस.

चराई आणि वनस्पतींची विविधता हा एप्रिलचा प्रश्न. त्या रानात प्रजातींचा मोठा वाटा एकवर्षायू गवतं आणि बारक्या फुलझाडांचा असतो. ती हिवाळ्यात रुजतात, वसंतात फुलतात, मेअखेरीला बी टाकून वाळून जातात. सप्टेंबरात त्यांची काडीसुद्धा ओळखू येणार नाही. तू मोजणीची चौकट, म्हणजे ठरावीक मापाचा चौकोन, जमिनीवर टाकशील, आत 'वाळलेलं गवत, प्रजाती अज्ञात' लिहिशील, आणि असे दोनशे कागद घेऊन परत येशील. ते करू नकोस.

मग सप्टेंबर-ऑक्टोबरात काय असतं? बरंच काही.

पहिली गोष्ट, झुडपं. त्या काटेरी, गुडघाभर उंचीच्या रानाला ग्रीक लोक फ्रिगना म्हणतात. शब्द आजचा नव्हे. थिओफ्रास्टसने सुमारे २३०० वर्षांपूर्वी वनस्पतींची वर्गवारी केली, तिच्यात झाड, झुडूप, फ्रिगनोन आणि लाकूड न धरणारी मऊ रोपं असे चार वर्ग होते. म्हणजे झुडपाहून लहान आणि गवताहून टणक अशा या गोष्टीला त्याने स्वतंत्र खण दिला. आपल्याकडे 'झुडुपवर्गीय' म्हणून सगळं एका पिशवीत कोंबतात, म्हणून मला त्याचं कौतुक वाटतं. फ्रिगनातली नेहमीची मंडळी म्हणजे काटेरी सार्कोपोटेरियम, रानटी थाईम, सिस्टस, फ्लोमिस. यांतली बरीच झुडपं वर्षाला दोन प्रकारची पानं घेतात. हिवाळ्यात मोठी, मऊ. उन्हाळा लागला की ती गाळून बारकी, जाडसर. तुझ्या मित्राच्या फोटोतले 'नुसते काटे' जवळून बघितलेस तर त्यांवर ही उन्हाळी पानं दिसतील. झुडूप जिवंत असतं, फक्त खर्च आवरून बसलेलं असतं.

यातल्या सिस्टसला उन्हाळ्यात एक चिकट, सुगंधी राळ सुटते, लाडनम. जुन्या काळी ती सिस्टसमध्ये चरणाऱ्या बोकडांच्या दाढीला चिकटायची आणि लोक ती विंचरून काढायचे. क्रीटमधल्या सिसेस गावात आजही ती गोळा करतात, आता लांब पट्ट्या लावलेल्या दाताळ्याने. हे तुझ्या थीसिसला लागणार नाही. पण शेळी आणि झुडूप यांचं नातं फक्त खाणारा आणि खाल्ला जाणारा एवढंच नसतं, हे ध्यानात राहावं म्हणून सांगितलं.

दुसरी गोष्ट, कंद. इथे तुझ्या तोंडाला पाणी सुटायला हवं. सप्टेंबरात त्या करपलेल्या उतारावर जमिनीतून सरळ, पानाशिवाय, कमरेइतके किंवा त्याहूनही उंच पांढऱ्या फुलांचे दांडे उभे असतात. ती ड्रिमिया मारिटिमा. ग्रीक नाव स्किलोक्रेमिडा, म्हणजे शब्दशः कुत्रा-कांदा. कंद एवढा हट्टी की उपटून टांगून ठेवला तरी त्याला फूट येते, म्हणून क्रीटमध्ये नव्या वर्षाला तो दाराशी टांगतात, घर तसंच तगून राहावं या भावनेने. आता आठव. आपल्या सड्यावर ऐन उन्हाळ्यात, पानांचा पत्ता नसताना, दांडा काढून फुलणारा कोण? कोळकांदा. तोही ड्रिमियाच, ड्रिमिया इंडिका. एकाच कुळातल्या, एकाच प्रजातीसमूहातल्या दोघांनी पावसाच्या आधी फुलून घ्यायचं आणि पाऊस पडल्यावर पानं काढायची हीच युक्ती धरलेली आहे. एक मोसमी पावसाचा, एक भूमध्य समुद्राच्या हिवाळी पावसाचा. एवढं ओळखीचं झाड तुला हॉलंडमध्ये कुठे भेटणार होतं?

आणि हा कुत्रा-कांदा तुझ्या विषयाच्या मधोमध उभा आहे. तो विषारी, शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. ॲस्फोडेल नावाच्या तिथल्या दुसऱ्या झाडाचंही तेच. त्यामुळे खूप चरलेल्या आणि वारंवार जळलेल्या उतारांवर ही दोघं माजतात. चराईचा इतिहास वाचायला सप्टेंबरात याहून सोपी पाटी नाही, लांबूनही मोजता येते. पाऊस पडला की मागून बाकीचे येतात : पिवळी स्टर्नबर्जिया, शरदातले क्रोकस, आणि नागाच्या फण्यासारखं तोंड काढणारं अरिसारम, आपल्या सापकांद्याचं चुलत भावंड.

तिसरी गोष्ट, आणि मी तुझ्या जागी असते तर यावरच थीसिस बेतला असता : काटेरी झुडपाच्या आत काय वाचतं? सार्कोपोटेरियमचा काट्यांचा गोळा म्हणजे शेळीच्या तोंडाला लावलेली जाळी. त्याच्या आत पडलेलं बी रुजलं तर ते खाल्लं जाण्याआधी थोडं मोठं होऊ शकतं. झुडपाच्या आत एक चौकट आणि लगेच बाजूला उघड्यावर तेवढीच दुसरी चौकट. आत किती कंद, किती रोपं, किती उघडी माती; बाहेर किती. पाऊस पडण्याआधी एकदा, पडून दहाबारा दिवसांनी पुन्हा. पाऊस उशिरा आला तरी पहिली फेरी वाया जात नाही, कंद आणि मातीचा डेटा तर हातात असतोच. आणि हेच कमी चराईच्या आणि जास्त चराईच्या उतारांवर केलंस की प्रश्न आपोआप तयार होतो : चराई वाढते तसा काट्याचा उपयोग वाढतो का?

आता एक इशारा, कारण या चुकीत मी स्वतः एक वर्ष घालवलंय. एका डोंगरावर ऐंशी चौकटी टाकल्यास म्हणजे तुझ्याकडे ऐंशी नमुने होत नाहीत. एक डोंगर होतो. चराईची तुलना करायची असेल तर तुझा नमुना म्हणजे उतार, चौकट नव्हे. हर्लबर्ट नावाच्या इकॉलॉजिस्टने १९८४ साली या चुकीला नाव दिलं, स्यूडोरेप्लिकेशन, आणि तेव्हापासून परीक्षक ते नाव टपून बसल्यासारखे वापरतात. आठदहा वेगवेगळे उतार आणि प्रत्येकावर आठदहा झुडपं, एवढं पुष्कळ. सहा आठवड्यांतले पहिले पाचसहा दिवस नुसते फिरण्यात जातील आणि जाऊ देत. वारा, पाऊस, पाय मुरगळणं, रविवार वजा केलेस तर कामाचे पंचवीस दिवस हाती लागतील. त्यात बसेल तेवढंच आख.

चराई कमी की जास्त हे ठरवणार कशावरून? बाबांना सांग, शेळ्या मोजायच्याच नाहीत, लेंड्या मोजायच्या. ठरावीक आकाराच्या पट्ट्यात किती लेंड्या, हा जगभर वापरला जाणारा साधा निर्देशांक आहे. शेळीची कोणती आणि मेंढीची कोणती हे लेंडीवरून ठरवण्याच्या भरीला पडू नकोस, भलेभले फसतात. दुसरा आणि जास्त चांगला मार्ग म्हणजे ज्याची जनावरं आहेत त्याला विचारणं.

इथे मी जरा थांबते, कारण याच जागी आमचं बिनसलं होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गटाबरोबर मी क्रीटच्या पश्चिम भागात तीन आठवडे होते. एका उतारावर जाताना तारेने बांधलेलं एक जुनं फाटक लागलं. आम्ही तार सोडली, आत गेलो, दिवसभर चौकटी टाकल्या. शेवटी आलेल्याने फाटक नुसतं लोटलं, बांधलं नाही. संध्याकाळी मेंढपाळ धुळीचा लोट उडवत पिकअपमधून आला. त्याच्या चाळीसेक मेंढ्या शेजारच्याच्या ऑलिव्हमध्ये शिरल्या होत्या. तो काय बोलला ते एका अक्षरानेही कळलं नाही आणि संपूर्ण कळलं. चूक शंभर टक्के आमची होती. दुसऱ्या दिवशी गावातल्या शाळेच्या बाईंना घेऊन माफी मागायला गेलो. त्याने आधी कॉफी पाजली, मग चीज खायला लावलं आणि मग जे सांगितलं ते आमच्या तीन आठवड्यांच्या चौकटींमध्ये कुठेच नव्हतं : कोणता उतार कधी जळला, त्याच्या आजोबांच्या वेळी तिथे बार्ली कशी पिकायची, कोणत्या वर्षापासून जनावरं वाढली. आम्ही ज्या उताराला 'नैसर्गिक, कमी चराई' असं नाव दिलं होतं, ते जुनं शेत होतं.

तेव्हा चारच ग्रीक शब्द पाठ कर. कालिमेरा, सुप्रभात. एफखारिस्तो, आभार. वोस्कोस, मेंढपाळ. आणि फाटकाकडे बोट दाखवून 'बोरो?', म्हणजे 'जाऊ का?'. फाटक जसं सापडलं तसंच ठेवायचं, उघडं तर उघडं, बांधलेलं तर त्याच गाठीने बांधलेलं. राकीचा, म्हणजे तिथल्या कडक दारूचा, पेला समोर आला आणि प्यायचा नसेल तर कॉफी माग, कोणी आकाश कोसळल्यासारखं बघत नाही. ऑक्टोबराच्या शेवटाशी त्यांच्या राकीच्या भट्ट्या सुरू होतात, तेव्हा मात्र सकाळी अकरालाही पेला पुढे येईल.

या मेंढपाळांकडे बघताना अजून एक सांभाळ. युरोपात फार जुना समज आहे की भूमध्य समुद्राभोवती एकेकाळी घनदाट जंगल होतं आणि शेळ्यांनी ते खाऊन टाकलं, उरलं ते हे उजाड फ्रिगना. ऑलिव्हर रॅकहॅमसारख्या अभ्यासकांनी क्रीटमध्येच वर्षानुवर्षं हिंडून या गोष्टीला धक्के दिले. त्यांचं म्हणणं असं की हा प्रदेश बहुधा कधीच सलग जंगल नव्हता, आणि फ्रिगना म्हणजे जंगलाचं प्रेत नव्हे. दुसरीकडे हेही खरं की १९८१ साली ग्रीस युरोपीय समुदायात गेल्यावर जनावरांच्या संख्येवर अनुदान मिळू लागलं, कळप फुगले, बाहेरून विकत आणलेल्या खाद्यावर डोंगराला पेलणार नाहीत इतकी जनावरं पोसली जाऊ लागली. म्हणजे 'शेळी वाईट' म्हणणारा चुकतो आणि 'परंपरा आहे, चालू द्या' म्हणणाराही चुकतो. तू कोणाच्या बाजूने जाऊ नकोस. गाईडच्याही नाही.

तुला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल, कारण तू सड्यावरची आहेस. ज्या कातळावर पावसाळ्यात निळी सीतेची आसवं, कीटकभक्षी दवबिंदू आणि जगात इतरत्र न सापडणारी बारकी फुलं येतात, त्याला सरकारी कागदावर काय म्हणतात? पडीक. पश्चिम महाराष्ट्रातली माळरानं, जिथे लांडगा आणि धाविक पक्षी टिकून आहेत, तीही पडीक. झाड नाही म्हणजे काही नाही, ही नजर दोन्हीकडे सारखीच. क्रीटवरच्या नोंदीत 'डिग्रेडेड' हा शब्द लिहायला पेन उचललंस की एकदा थांबून विचार, कशाच्या तुलनेत?

बाकीच्या गोष्टी आता भराभर.

बेट किती मोठं याचा अंदाज हवा म्हणून : क्रीट साधारण ८,३०० चौरस किलोमीटर, आपला रत्नागिरी जिल्हा ८,२००. वस्ती मात्र सव्वासहा लाखांच्या आसपास, रत्नागिरीच्या निम्म्याहूनही कमी. आणि मध्ये उभा प्सिलोरितिस पर्वत २,४५६ मीटरचा, म्हणजे कळसूबाईच्या दीडपट. उत्तर किनाऱ्याने बस उत्तम धावते, डोंगरातल्या गावांना दिवसाला एखादी किंवा तीही नाही. म्हणून गाडी येत नसेल तर उतार आधी निवडून मग राहायची जागा शोधू नकोस, उलटं कर. ज्या गावातून पायी तासाभरात तीनचार उतार गाठता येतात असं गाव धर, आणि लांबच्या उतारांसाठी आठवड्याचे दोन दिवस गाडीवाल्या सहकाऱ्याबरोबर ठरव.

आणि सहकारी हवाच. हे मी सुचवत नाहीये, अट घालतेय. डोंगरात एकटीने जायचं नाही. बाई आहेस म्हणून नव्हे, पुरुषालाही हेच सांगितलं असतं. खडक सुरीसारखा धारदार असतो, घळीत फोन लागत नाही, आणि पाय मोडून पडलेल्या माणसाला ११२ क्रमांक पाठ असून उपयोग नाही, तो फिरवता यायला हवा. सापांची भीती मात्र टाकून दे. क्रीटवर साप चारच जातींचे आणि माणसाला धोक्याचा एकही नाही. फुरशांच्या गावात वाढलेल्या मुलीने तिथे निवांत दगड उचलावेत. (उचलल्यावर परत जसाच्या तसा ठेवावा, त्याखाली कोणाचं तरी घर असतं.) खरी काळजी राखणीच्या कुत्र्यांची आणि शिकाऱ्यांची. कळपाला वळसा घालून जा. शिकारीचा हंगाम २० ऑगस्टपासून सुरू असतो, तेव्हा मातकट, हिरवे 'जंगली' कपडे नकोत, भगवं किंवा भडक पिवळं घाल. डोंगरातल्या रस्त्यांवरच्या पाट्यांना गोळ्यांची भोकं दिसतील. घाबरू नकोस, पाट्यांवर नेम धरणं हा तिथला जुना षोक आहे.

गाईडने सोबतीची सोय करायला नकार दिला तर मात्र माझं उत्तर फिरतं. मग सरळ तयार डेटावर थीसिस कर आणि मनात काहीही खंत ठेवू नकोस. जुन्या डेटावर उत्तम काम होतं. तो पर्याय हलका आहे म्हणून मी नाकारत नाहीये. तू तो भीतीपोटी धरते आहेस, एवढंच मला खटकलं.

कागदपत्रं. डच निवासपत्र असेल तर ग्रीससाठी वेगळा व्हिसा लागत नाही, १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा सहा आठवड्यांना पुरते. पण मूळ कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही जवळ ठेव. अभ्यासाच्या जागा संरक्षित क्षेत्रात येत असतील तर परवानगी विद्यापीठाने काढायची, आणि ती आत्ता, सप्टेंबरात नव्हे. पान, बी, माती, काहीही परवान्याशिवाय उचलू नकोस. आणि हो, कुत्रा-कांद्याचा एक कंद राजापूरला लावून बघावा असा मोह होईल. मला झाला होता. नाही. दोन देशांचे कायदे आणि तुझी विद्या, तिन्हींच्या विरुद्ध आहे ते.

वही पेन्सिलने लिहायची, शाईने नाही. रोज संध्याकाळी जेवायच्या आधी प्रत्येक पानाचा फोटो. जेवल्यानंतर होत नाही, विश्वास ठेव.

आणि जेवण. तू शाकाहारी म्हणून सगळ्यांत जास्त घाबरली असशील, आणि तिथेच तू सगळ्यांत मजेत राहशील. एक शब्द घे, निस्तीसिमो. ऑर्थोडॉक्स चर्चचे वर्षात कितीतरी उपवासाचे दिवस असतात, त्या दिवशी मांस, दूध, अंडी वर्ज्य. त्यामुळे शाकाहार म्हणजे काय हे खेड्यातल्या आजीला समजावून सांगावं लागत नाही, 'निस्तीसिमो' म्हटलं की पुरे. एकच गोम आहे. त्यांच्या उपवासाला कोळंबी, माकुल, ऑक्टोपस चालतो! तेव्हा ताट समोर आल्यावर एकदा आत डोकावून बघ. बाकी ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या, हरभरे, पिवळ्या डाळीचं दाट वरण ज्याला ते फावा म्हणतात, बार्लीच्या कडक पावावर टोमॅटो आणि चीज घातलेलं दाकोस. आणि होर्ता, म्हणजे रानभाज्या. पावसानंतर म्हाताऱ्या बायका सुरी आणि पिशवी घेऊन उतारावर वाकलेल्या दिसतील, थेट आपल्या टाकळा-कुर्डू खुडणाऱ्यांसारख्या. त्यांच्या घोळक्यात शीर. त्या खातात ती ग्लिस्त्रिदा म्हणजे आपलीच घोळ, तीच प्रजाती. वनस्पती ओळखायला याहून चांगले शिक्षक तुला विभागात मिळणार नाहीत, आणि फी म्हणून पिशवी उचलून दिलीस की झालं.

राहिला बाबांचा प्रश्न.

तुला त्यावर हसू आलं, मला मात्र तो तुझ्या थीसिसच्या प्रश्नापेक्षा बरा वाटला. शेळ्या इथेही आहेत, तिथेही आहेत. मग तिथलं रान तसं का आणि इथलं असं का? तिथे प्रिनोस नावाचा एक काटेरी पानांचा ओक असतो. शेळ्या त्याला चहूबाजूंनी कुरतडतात, वर्षानुवर्षं तो उशीसारखा बुटका, गच्च गोळा होऊन बसतो. पण उशी पसरत राहते. पसरत पसरत एक दिवस इतकी रुंद होते की शेळीची मान मधल्या कोंबापर्यंत पोचत नाही. त्या वर्षी मधला कोंब सरळ वर जातो आणि झाड होतं. खाली झालर लावल्यासारखा कुरतडलेला घेर, वर डेरेदार ओक. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खाली बसून हसत सुटले होते, कारण हे मी लहानपणी पाहिलेलं होतं. फक्त आपल्याकडे दोन वेगळी झाडं मिळून ते काम करतात. बाहेर करवंदाची जाळी आणि आत सुरक्षित वाढणारं दुसरंच कोणीतरी.

तुझ्या बाबांनी बागेच्या कडेला अशी जाळी शंभर वेळा पाहिली असणार, आणि तोडायला आलेल्या गड्याला कधीतरी 'राहू दे' म्हटलेलं असणार. निघायच्या आधी त्यांना फोन कर. शेळ्यांचं काही समजावत बसू नकोस. एवढंच विचार, की आपल्या सड्यावरच्या करवंदांच्या जाळ्यांमधून आजवर कोणकोणती झाडं वर आलेली त्यांनी बघितली. यादी लिहून घे. वहीच्या पहिल्या पानावर ती असू दे, दुसऱ्या पानापासून क्रीट. आणि यादीची एक प्रत मला पाठव.

तुझी,
ताई